कामावर नव्यानं लागलेल्या बाईसाठी: छळ आणि भेदभाव रोखायची वाट

दिवाळी उरकली की आपल्या विदर्भात हिंगणघाट, वणी, अकोट, दर्यापूरकडचे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने, सुरू होतात. पूर्वेला भंडारा-गोंदियात राइस मिलची घाई, वरूड-मोर्शीत संत्र्याची निवड आणि भराई, उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता. बारमाही कामंही आहेतच: तालुक्याच्या गावची पतसंस्था, कृषी केंद्र, खासगी दवाखाना, शाळा, अंगणवाडी, आशाचं काम. दर हंगामाला कितीतरी बाया आणि पोरी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताखाली कामाला लागतात. कापूस कसा निवडायचा, पावती कशी फाडायची, रजिस्टर कसं भरायचं हे त्यांना कुणीतरी दाखवतं. पण मुकादम अंगचटीला आला, साहेब रात्री दहाला फोन करू लागला, पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही, तर काय करायचं हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. ते इथं क्रमानं सांगते.

आधी एवढं पक्कं करा

"माझ्याजवळ तर ऑर्डरच नाही, मी कुठली कर्मचारी?" गावातल्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ चा, त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरपासून लागू झालेला. त्यात रोजंदारीची मजूर येते, ठेकेदारामार्फत आलेली येते, हंगामापुरती ठेवलेली, शिकाऊ, मानधनावरची, एवढंच काय, पगार न घेता काम करणारीही येते. ठेकेदारानं कोणाला आणलं हे मालकाला ठाऊक नसलं तरी फरक पडत नाही. तेव्हा आशाताई किंवा अंगणवाडीसेविका 'मानसेवी' आहेत, असं म्हणून कुणी त्यांना परत पाठवू शकत नाही. घरकाम करणारी बाईही या कायद्यात आहे. आणि हंगाम संपला, काम सुटलं, म्हणून तक्रारीचा हक्क सुटत नाही.

कामाची जागा म्हणजे चार भिंतींचं ऑफिस एवढंच धरू नका. गोदाम, वजनकाटा, गृहभेटीसाठी जावं लागतं ते घर, प्रशिक्षणाचा हॉल, हे सगळं त्यात आलं. मालकानं पाठवलेल्या काळीपिवळीत घडलेली गोष्टही कामाच्या जागीच घडली, असं कायदा मानतो.

हा कायदा शहरातल्या ऑफिसवाल्या बायांसाठी आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना त्याचं मूळ सांगावं. भंवरी देवी राजस्थानातल्या भटेरी गावात सरकारी योजनेत 'साथिन' होत्या. घरोघरी जाऊन बायांशी बोलायचं, आपल्याकडच्या सेविकेसारखंच काम. बालविवाह थांबवायला गेल्या, आणि त्यानंतर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. पुढं महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला न्यायालयानं विशाखा निकालात कामाच्या ठिकाणांसाठी नियम घालून दिले आणि त्यांच्याच पायावर २०१३ चा कायदा उभा राहिला. गावात फिरून काम करणाऱ्या बाईच्या प्रकरणातून आलेला हा कायदा आहे. तो तुमच्यासाठी नसेल तर कोणासाठी?

पहिल्या आठवड्यात काय पाहून ठेवायचं

त्रास सुरू झाल्यावर माहिती गोळा करणं जड जातं, म्हणून ती आधीच करा. पहिली गोष्ट, नावं. जिनिंगमध्ये दोन-दोन हंगाम काम केलेल्या बायांना मालकाचं नाव फक्त 'शेठजी' आणि सुपरवायझरचं 'भाऊ' एवढंच ठाऊक असतं. तक्रारीत 'शेठजी' लिहून भागत नाही. कंपनीचं पाटीवरचं नाव, मालकाचं, ठेकेदाराचं, मुकादमाचं पूर्ण नाव आणि जमल्यास फोन नंबर एका वहीत टिपून घ्या.

दुसरी, तुम्ही तिथं कामाला होता याचा पुरावा. हजेरी कार्डाचा फोटो, काट्याची चिठ्ठी, बँक पासबुकातली मजुरीची नोंद, मुकादमानं 'उद्या सहाला या' म्हणून पाठवलेला मेसेज. पगार रोख मिळत असेल तर तारीख आणि रक्कम स्वतःच लिहून ठेवा. 'ही बाई आमच्याकडं कामालाच नव्हती,' असं म्हणायला मागंपुढं न पाहणारे मालक आहेत.

तिसरी, समिती. दहा किंवा त्याहून जास्त लोक काम करत असतील तर तिथं अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. दहा मोजताना ठेकेदाराचे लोक आणि रोजंदारीवाल्या बायाही धरायच्या. 'पगारपत्रकावर आम्ही सातच' हे चालत नाही. समितीची अध्यक्ष त्याच ठिकाणची वरच्या पदावरची बाई असावी लागते, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची हवी, बायांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार. समितीचा आदेश आणि छळाबद्दल काय शिक्षा होते याची माहिती सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावायची असते. भिंतीवर काही दिसलं नाही तर हजेरीवाल्याला साध्या शब्दांत विचारा, 'आपल्याकडं महिलांची समिती कुठली आहे जी?' विचारलं म्हणून कुणी वाईट धरत नाही, आणि या बाईला माहिती आहे हे समोरच्याला कळतं. माझ्या मते हा प्रश्नच अर्धं संरक्षण आहे.

छळ कशाला म्हणायचं

कायद्यात पाच गोष्टी आहेत: अंगाला हात लावणं किंवा तसा प्रयत्न, शरीरसंबंधाची मागणी, अश्लील बोलणं, अश्लील चित्र-व्हिडिओ दाखवणं, आणि नकोसं वाटणारं असं लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही वागणं, मग ते शब्दानं असो की खुणेनं. आपल्याकडं हे कसं दिसतं ते सांगते. वजन लावताना मुद्दाम हातावर हात ठेवणं. 'गोदामात एकटी ये, पूर्ण हजेरी लावतो' म्हणणं. बाई वाकून काम करत असताना मागून शेरे मारणं. रात्री 'जेवली का' पासून सुरू होऊन भलत्याच फोटोंवर जाणारे मेसेज. लघवीला गेलेल्या बाईच्या मागं जाऊन उभं राहणं. 'ऐकलं तर पर्मनंट करतो' किंवा 'नाही ऐकलं तर उद्यापासून येऊ नको' ही लालूच आणि ही धमकी, दोन्ही छळातच मोडतात.

समोरचा म्हणेल, गंमत केली. कायदा विचारतो, ते बाईला नकोसं होतं का. त्याच्या मनात काय होतं, यानं सुटका होत नाही.

काम नीट झालं नाही म्हणून सुपरवायझर बोलला, उशीर झाला म्हणून अर्धी हजेरी लावली, हा लैंगिक छळ नव्हे. मात्र सतत अपमान, मुद्दाम अशक्य कामं लादणं, रजा अडवणं, इतरांसमोर शिव्या देणं हा छळच आहे, त्याची दाद मात्र वेगळ्या मार्गानं मागावी लागते: वरिष्ठांकडं लेखी तक्रार, सरकारी नोकरीत सेवानियम, खासगीत कामगार कार्यालय. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचा आरोप करणारी पत्रं लिहून ठेवून आत्महत्या केली, तेव्हा अवघा विदर्भ हळहळला. पद असलेल्या बाईवर ही वेळ येते, तर टोळीतल्या मजूर बाईला एकटं वाटणं समजण्यासारखं आहे. असा त्रास असह्य होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तक्रारीचा कागद नंतर. आधी १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

घडलं त्या वेळी

जमलं तर एकदा मोठ्यानं बोला. 'हात काढा.' 'असं बोलायचं नाही.' 'कामाचं असेल तर इथंच सर्वांसमोर सांगा.' लांब भाषणाची गरज नाही. आजूबाजूच्या दोघींना ऐकू गेलं पाहिजे, कारण उद्या त्याच साक्षीदार आहेत. धोका वाटला तर बोलू नका, तिथून निघा, लोकांत या आणि ११२ वर फोन करा. घाबरून तोंडातून शब्दच फुटला नाही असं पुष्कळदा होतं. त्या गप्प राहण्याला कायदा होकार मानत नाही, तुम्हीही मानू नका.

त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सोबतच्या बाईला, बहिणीला, बचत गटातल्या ताईला. महिन्यानंतर सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्याच संध्याकाळी सांगितलेल्या गोष्टीला चौकशीत जास्त वजन असतं.

मग लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, कोण होतं, तो काय बोलला, तुम्ही काय बोललात. त्यानं वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा. हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. कागदावर ते शब्द उमटवताना हात थरथरतो, लाज वाटते, आणि म्हणून बहुतेक बाया 'तो वाईट बोलला' एवढंच लिहितात. त्या तीन शब्दांवरून समितीला काहीच ठरवता येत नाही. घाण शब्द त्याचे आहेत, ते लिहिल्यानं तुमच्याकडं काही कमीपणा येत नाही. लिहिता येत नसेल तर मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा.

मेसेज, कॉल, व्हिडिओ रागाच्या भरात डिलीट करू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, तो विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवा आणि मूळ मेसेज फोनमध्ये तसाच राहू द्या. फोन विकू नका, रिसेट करू नका. फोन नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर असला तरी पुरावा ग्राह्यच असतो.

तक्रार कुठं द्यायची

अंतर्गत समिती असेल तर तिच्याकडं. दहापेक्षा कमी लोक असतील, म्हणजे कृषी केंद्र, छोटा दवाखाना, कापड दुकान, शेतावरची टोळी, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. आणि त्रास देणारा खुद्द मालक असेल, तर कामगार दहा असोत की दोनशे, तक्रार स्थानिक समितीकडंच जाते. मालकानं नेमलेल्या समितीनं मालकाचीच चौकशी करायची, असं कायद्यानं ठेवलेलं नाही.

स्थानिक समिती प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. आता सिरोंच्याच्या बाईनं दोनशेच्या आसपास किलोमीटर तुडवत गडचिरोलीला जायचं का? यासाठीच कायद्यात प्रत्येक तालुक्याला नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्यांच्याकडं तक्रार दिली की त्यांनी ती सात दिवसांत स्थानिक समितीला पाठवायची असते. तुमच्या तालुक्यात ते कोण, हे तहसील कार्यालयात विचारा. 'असं काही नसते' असं उत्तर मिळालं तर हुज्जत घालू नका. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना या नेमणुका करायला बजावलं आहे, एवढं सांगा आणि अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या. इंटरनेट जमत असेल तर केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. सेतू केंद्रात बसून करणार असाल तर ऑपरेटर ओळखीचा, तोंडाचा पक्का आहे ना, हे बघा.

दहाच्या वर लोक असून समितीच नेमलेली नाही, असं पुष्कळ जिनिंग आणि मिलमध्ये दिसतं. तेही अर्जात लिहा. त्यासाठी मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर दुप्पट दंड आणि परवाना रद्द होण्यापर्यंत बात जाते.

मुदत लक्षात ठेवा: घटनेपासून तीन महिने. त्रास अनेकदा झाला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. संक्रांतीला घडलं असेल तर एप्रिलच्या मध्याआधी अर्ज गेला पाहिजे. अडचण खरी असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका.

अर्ज असा लिहा

साधा कोरा कागद चालतो. स्टॅम्पपेपर नको, वकील नको. नमुना देते:

"प्रति, मा. अध्यक्ष, स्थानिक समिती, जिल्हाधिकारी कार्यालय. विषय: कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाबाबत तक्रार. मी (नाव, वय, गाव, फोन) अमुक जिनिंगमध्ये नोव्हेंबरपासून रोजंदारीवर कापूस निवडीचे काम करते. ठेकेदाराचे नाव अमुक. दिनांक अमुक रोजी दुपारी अंदाजे अडीच वाजता वजनकाट्याजवळ सुपरवायझर अमुक यांनी माझा हात धरला व असे म्हणाले: (त्याचे शब्द). मी 'हात सोडा' असे मोठ्याने म्हटले. त्या वेळी (दोघींची नावे, पत्ते) तेथे हजर होत्या. याआधी अमुक तारखेलाही असे घडले. सोबत मेसेजच्या प्रती जोडल्या आहेत. माझ्या तक्रारीची चौकशी करावी. चौकशी होईपर्यंत सदर व्यक्तीच्या हाताखाली मला काम देऊ नये, ही विनंती."

तक्रारीच्या सहा प्रती कागदपत्रांसह द्यायच्या असतात. सातवी स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर शिक्का, सही, तारीख घ्या. ती प्रत शक्यतो माहेरी किंवा मैत्रिणीकडं ठेवा. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. आजारपणामुळं बाई स्वतः जाऊ शकत नसेल, तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सोबत काम करणारी तिच्या वतीनं अर्ज देऊ शकते.

शेवटची विनंती विसरू नका. तक्रार आल्यावर सात कामकाजी दिवसांत तिची प्रत त्या माणसाकडं जाते. म्हणजे त्याला कळणार, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्याच समोर असणार. म्हणून बदली, वेगळी पाळी किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा यांपैकी काय हवं ते सुरुवातीलाच मागा. ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही.

'मिटवून घ्या' म्हणणाऱ्यांचं काय करायचं

खरी लढाई इथं असते. अर्ज द्यायच्या आधीच बातमी गावात पोचते. मग सरपंच, पोलीस पाटील, मालकाचा भाऊ, कुणीतरी नात्यातले मामा घरी येऊन बसतात. चहा होतो. "जाऊ दे न माय, कायले बोभाटा करतं, पोरगी लग्नाची हाय." कुणी पाच-दहा हजाराची गोष्ट काढतं. बैठकीतल्या माफीवर प्रकरण संपवायचं ठरतं, आणि बाईला त्या बैठकीत बोलावलेलंही नसतं.

कायद्यात समेट आहे, पण तो बाईनं स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि समितीमार्फत. पैसे घेऊन समेट करता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. गावातल्या पाच जणांनी घेतलेला निर्णय तुमच्यावर बंधनकारक नाही. कोऱ्या कागदावर किंवा 'माझी काही तक्रार नाही' अशा मजकुरावर सही, अंगठा देऊ नका. तिथल्या तिथं उत्तर द्यायचा दबाव आला तर 'विचार करून सांगते' म्हणा आणि उठा.

घरचा विरोध याहून कठीण. "उद्यापासून कामाले जाऊ नको" हा घरच्यांचा पहिला उपाय असतो. त्यानं मजुरी बाईची बुडते आणि मुकादम दुसऱ्या पोरीकडं वळतो. मी सगळ्यांना एकच सांगते: अर्ज द्यायच्या आधी घरातलं एक माणूस आपल्या बाजूला घ्या. सगळं घर लागत नाही. सासू असेल, मोठा भाऊ असेल, कॉलेजात शिकणारी नणंद असेल. त्या माणसाला वहीतली नोंद दाखवा. बैठकीला आलेल्या लोकांसमोर घरातून एक आवाज तुमच्या बाजूनं निघाला की त्यांचा सूर बदलतो.

दोन भीती पुन्हा पुन्हा घातल्या जातात. एक, 'सिद्ध झालं नाही तर तुलाच शिक्षा होईल.' खोटं आहे. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून बाईवर कारवाई होत नाही. मुद्दाम, ठाऊक असून खोटी तक्रार केली हे वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं. दुसरी, 'पेपरात नाव येईल.' तक्रारदार, साक्षीदार आणि आरोप असलेल्याचं नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर प्रसिद्ध करायला कायद्यानं बंदी आहे. माहिती अधिकारातही तो मिळत नाही. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी टाकलं तर तो मेसेजही जपून ठेवा आणि समितीला द्या.

चौकशीत काय होतं

ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर द्यायला दहा कामकाजी दिवस असतात. मग दोघांचं आणि साक्षीदारांचं म्हणणं घेतात. कोणालाच वकील आणता येत नाही, त्यामुळं मालकाचा मोठा वकील समोर उभा राहील ही धास्ती सोडा. त्याच्यासमोर बसून बोलायची भीती वाटत असेल तर तसं समितीला आधी सांगा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर साठ दिवसांत कारवाई. अहवालाची प्रत तुम्हालाही मिळते. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. कारवाई माफीनामा, ताकीद, पगारवाढ रोखणं, कामावरून काढणं, नुकसानभरपाई अशी काहीही असू शकते.

तारखेला एकटं जाऊ नका. साक्षीदार बाईच्या घरी आदल्या दिवशी जाऊन या. तिच्यावरही दबाव असतो आणि तिचाही रोज बुडतो.

पोलिसांत जायचं का

समितीकडं गेलं म्हणून पोलिसांचं दार बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं, आणि पोलिसांत जायला मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचं आहे: नकोसा स्पर्श, शरीरसंबंधाची मागणी किंवा अश्लील गोष्टी दाखवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत, अश्लील बोलण्यासाठी एक वर्षापर्यंत कैद. पाठलाग करणं, नको म्हटल्यावरही फोन-मेसेज करत राहणं यासाठी कलम ७८. अशा गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला पोलिसानंच नोंदवायची असते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे सांगा. ठाणेदारानं घेतलाच नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवा.

वकील लागला तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बायांना तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागायचा प्रश्नच नाही. फोन १५१००. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइनही आहे.

जात, मजुरी, बाळंतपण

वेगळा ग्लास, वेगळी बसायची जागा, जातीवरून शिवी, 'तुमच्या लोकांना असंच काम' असं बोलणं, हे आपल्या भागात आजही संपलेलं नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला त्याबाहेरच्या माणसानं लैंगिक त्रास दिला तर साध्या गुन्ह्यासोबत १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. फिर्याद देताना स्वतःची जात आणि समोरच्याची जात स्पष्ट सांगा आणि नोंदवली गेली का ते वाचून घ्या; हे राहून गेलं की पुढं कलम लावायला त्रास होतो. जातीवरून अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे दाखवावं लागतं, म्हणून तिथं कोण होतं ते महत्त्वाचं. या कायद्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं असतो. तक्रार केली म्हणून गावानं किराणा, चक्की, मजुरी बंद केली तर तोही याच कायद्यात गुन्हा आहे. जातीचा भेदभाव पुरुषांनाही भोगावा लागतो आणि हा रस्ता त्यांनाही खुला आहे. २०१३ चा कायदा मात्र फक्त बायांसाठी आहे.

सोयाबीन सोंगायला नवरा-बायको एकाच पातीत असतात आणि मजुरी वेगवेगळी मिळते. सारख्या कामाला सारखी मजुरी हा हक्क १९७६ पासून कायद्यात आहे, आता वेतन संहितेत आला आहे. तक्रार कामगार कार्यालयात करायची. एकटीनं केली तर दुसऱ्या दिवशी टोळीतून नाव कटतं, म्हणून हे सगळ्याजणींनी मिळून करा.

दिवस गेले म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. कारखान्यात आणि दहा किंवा जास्त लोकांच्या आस्थापनेत आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. 'लग्न झालेली नको' असं सांगून नाकारलं तर ते बोलणं तारखेसह लिहून ठेवा.

मुकादम आणि मालकांसाठी

कितीतरी प्रकार साध्या सोयीनं थांबतात. संडासाला आतून कडी आणि बाहेर दिवा. काट्यावर एक बाई. गाडीत बायांची वेगळी सीट आणि चालकाला ताकीद. मजुरी खात्यात, म्हणजे पैशासाठी कुणाच्या खोलीत जावं लागणार नाही. हजेरी लावण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हातात ठेवू नका; छळाची बहुतेक ताकद त्या हजेरीच्या वहीतून येते. समितीत बाहेरची सदस्य खरोखर बाहेरची नेमा, मालकाची वहिनी नको. तक्रार आल्यावर त्या बाईला 'सुरक्षेसाठी' घरी बसवून त्याला कामावर ठेवणं ही शिक्षा तिलाच होते, तेव्हा हलवायचं तर त्याला हलवा.

हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून समितीची नावं, फोन नंबर आणि नियम तोंडी सांगा, पुरुष कामगारांसमोर सांगा. मेळघाटातून आलेल्या बाया असतील तर त्यांच्यातल्याच एखादीकडून कोरकूत सांगा, गोंडी बोलणाऱ्या असतील तर गोंडीत. तोच कागद बायांच्या डबे खायच्या जागी आणि संडासाच्या दारावर लावा, आणि पावसानं-धुळीनं खराब झाला की नवा लावायचं काम एका माणसाच्या नावावर करून ठेवा.